मालिका पाहताना आजी-आजोबांकडेही पाहा

संध्याकाळचे साडेआठ वाजले की अनेक घरांतून एक ओळखीची धून ऐकू येते. सुदुंबरे आणि आसपासच्या गावांत तर हे चित्र नेहमीचेच आहे. घरातील तरुण मंडळी चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा परततो. सूनबाई स्वयंपाकात असते, नातवंडे अभ्यासात किंवा मोबाइलमध्ये गढलेली असतात. अशा वेळी ज्येष्ठांच्या सोबतीला उरतो तो दूरचित्रवाणी संच आणि त्यावरील ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’सारखी वर्षानुवर्षे चाललेली हलकीफुलकी मालिका.

मालिकेविषयी एका डॉक्टराने का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण सांगतो. एखादा भाग पाहताना ज्येष्ठ व्यक्ती कधी हसते, कशावर रागावते, कोणाला ओळखते आणि काय विसरते, यावरून तिचे कान, डोळे, स्मरणशक्ती आणि मन यांविषयी पुष्कळ काही कळते. दवाखान्यातील दहा मिनिटांच्या तपासणीत ते सारे दिसेलच असे नाही. कारण दवाखान्यात रुग्ण सावध होऊन बसतो, तर घरी मालिका पाहताना तो जसा आहे तसा असतो. ही नोंद घेऊ शकता ते तुम्हीच, त्याच्या शेजारी बसणारे घरचे लोक.

मालिका घरचीच होते तेव्हा

गुजराती लेखक तारक मेहता यांनी १९७१ मध्ये ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात सुरू केलेल्या विनोदी सदरावर ही मालिका बेतलेली आहे. २८ जुलै २००८ रोजी ती सुरू झाली आणि तिच्या भागांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली आहे. ज्यांनी साठाव्या वर्षी पहिला भाग पाहिला, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. मधल्या काळात त्यांच्या आळीतील कित्येक सोबती गेले, मुले दूर स्थिरावली. गोकुळधाम सोसायटीतील जेठालाल, चंपकलाल, भिडे मास्तर आणि माधवी मात्र रोज ठरल्या वेळी भेटत राहिले. त्यामुळे ही माणसे त्यांच्या लेखी शेजारीच असतात, आणि शेजाऱ्यावर जसे प्रेम असते तसा हक्काचा रागही असतो.

मार्च २०२० मधील एक भाग तुम्हाला आठवत असेल. सोसायटीच्या फलकावर सुविचार कोणत्या भाषेत लिहावा, अशी चर्चा त्यात होती. मुंबईची भाषा हिंदी आहे, अशा अर्थाचे वाक्य चंपकलालच्या तोंडी आले आणि मराठी प्रेक्षकांत नाराजी उसळली. महाराष्ट्र नवनिर्माण चित्रपट कर्मचारी सेनेने आक्षेप घेतला. पुढे निर्माते असितकुमार मोदी यांनी खुलासा केला आणि ती भूमिका करणारे अमित भट्ट यांनी लेखी माफी मागितली. गोकुळधाम मुंबईतले, भिडे कुटुंब मराठी. मग आपल्याच घरात आपल्याच भाषेविषयी असे कसे बोलले गेले, ही त्या रागामागची भावना होती.

आजोबा अशा एखाद्या वाक्यावर संतापले, तर घरातील तरुण ‘मालिकाच तर आहे, एवढे काय मनाला लावून घेता?’ असे म्हणून मोकळे होतात. माझी विनंती आहे की तसे म्हणू नका. त्या रागात वैद्यकीयदृष्ट्या चार चांगल्या गोष्टी आहेत: आजोबांना वाक्य नीट ऐकू आले, त्याचा अर्थ कळला, त्यांचे स्वतःचे मत शाबूत आहे आणि ते शब्दांत मांडण्याची उमेदही आहे. दोन मिनिटे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, तर राग आपोआप निवळतो.

काळजी करायची ती वेगळ्या रागाची. मूळचा शांत माणूस गेल्या काही आठवड्यांपासून कारणाशिवाय चिडू लागला, साध्या विनोदाचाही त्याला अपमान वाटू लागला, किंवा पडद्यावरील माणसे आपल्याच घरात शिरली आहेत असे समजून तो त्यांच्याशी भांडू लागला, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंशात असा समज होऊ शकतो. हा बदल एक-दोन दिवसांतच झाला असेल, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध अशी कारणे संभवतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जुने आठवते, पण कालचे?

एप्रिल २०२२ मधील एका भागात लता मंगेशकरांच्या एका सुप्रसिद्ध देशभक्तिगीताचे वर्ष १९६५ असे सांगितले गेले. गीत १९६३ चे. प्रेक्षकांनी चूक दाखवून दिली आणि निर्मात्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ज्यांनी तारुण्यात ते गीत रेडिओवर ऐकले, त्यांना हे वर्ष सांगायला कोणत्याही पुस्तकाची गरज नव्हती.

‘साठ वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, म्हणजे आमच्या आईची स्मरणशक्ती ठणठणीत आहे’, असे अनेक मुले मला सांगतात. येथे जरा थांबावे. वयोमानानुसार होणाऱ्या स्मृतिभ्रंशात जुन्या आठवणी बराच काळ टिकून राहतात. आधी निसटते ते कालचे आणि सकाळचे. म्हणून जुने गाणे ओळखता येणे ही स्मृतीची पुरेशी परीक्षा नव्हे. त्याऐवजी मालिका सुरू होण्यापूर्वी सहज विचारा, ‘आई, काल जेठालालचे काय झाले गं?’ चार वाक्यांत कथा सांगता आली, तर ठीक. एखादे नाव न आठवणे, ‘तो रे, तो चष्मेवाला’ असे म्हणणे, हे वयानुसार चालते. परंतु कालचा भाग पाहिल्याचेच आठवत नसेल, एकच प्रश्न त्याच भागात चार-पाच वेळा येत असेल, किंवा वर्षानुवर्षे पाहिलेले पात्र ‘हा कोण?’ असे वाटू लागले असेल, तर तपासणी आवश्यक आहे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. विचारताना मात्र परीक्षा घेतल्यासारखे विचारू नका. गप्पा मारल्यासारखे विचारा.

हसू उशिरा का येते?

सगळे हसून झाल्यावर आजी हसते, किंवा शेजारच्याचा चेहरा पाहून हसते, तेव्हा तिला विनोद कळला नाही असे आपण समजतो. बहुधा तिला तो ऐकूच आलेला नसतो. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने आणि बायका-मुलांचे आवाज अस्पष्ट होतात. कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. त्यात संवादाच्या जोडीला पार्श्वसंगीत असले की शब्द बुडून जातात. संचाचा आवाज हळूहळू वाढत गेला असेल, तर तेही लक्षणच आहे.

सुदुंबरे ही संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीची भूमी. कीर्तन ऐकत वाढलेली येथील वृद्ध मंडळी कधी कधी म्हणतात, ‘आता कीर्तन पूर्वीसारखे रंगत नाही.’ असे कोणी म्हणाले की मी आधी त्यांचे कान तपासतो. कित्येकदा मळाचा बोळा निघतो आणि कीर्तन पुन्हा रंगू लागते. कानात काडी किंवा तेल मात्र घालू नका. मळ नसेल, तर श्रवण तपासणी करून घ्यावी आणि सांगितल्यास श्रवणयंत्र वापरावे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, एकटा पडतो. आणि उपचार न केलेला बहिरेपणा स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढवतो.

काहींना ऐकू येते, पण हिंदी नीट समजत नाही. त्यांच्यासाठी हीच मालिका ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने मराठीत आलेली आहे. चेहरे ओळखू येत नसतील, पडद्यावरील प्रकाश डोळ्यांत घुसतो अशी तक्रार असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करा.

कधी चेहरा हसत नाही, पण मन हसत असते. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात आणि मुद्रा कोरी दिसते. चालणे मंदावले असेल, हाताला विश्रांतीच्या वेळी कंप येत असेल, अक्षर बारीक झाले असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. याउलट पूर्वी खळखळून हसणारी व्यक्ती दोन आठवड्यांहून अधिक काळ मालिकेत रमत नसेल, संच बंद करून भिंतीकडे तोंड करून पडून राहत असेल, झोप आणि भूक उतरली असेल, तर ते नैराश्य असू शकते. ‘वय झाले’ म्हणून ते अंगवळणी पाडून घेऊ नका.

हसण्याबरोबर येणाऱ्या तक्रारी

हसता हसता खोकल्याची उबळ आणि छातीत घरघर येत असेल, तर दम्याची शक्यता पाहावी. हसताना लघवीचे थेंब जाणे ही अनेक स्त्रियांची मूक तक्रार असते. या भीतीने कित्येक जणी हसणेच आवरतात, चारचौघांत बसणे टाळतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नियमित केल्यास पुष्कळ सुधारणा होते. लाज न बाळगता विचारा. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना हसू किंवा रडू फुटते आणि ते थांबवता येत नाही. तो वेडेपणा नव्हे, नाटक तर नव्हेच. मेंदूतील इजेचा तो परिणाम असतो आणि त्यावर औषधे आहेत. जेवताना मोठ्याने हसल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. कवळी वापरणाऱ्यांनी आणि पक्षाघात झालेल्यांनी मालिका पाहत जेवू नये.

एक खूण मात्र कोरून ठेवा. हसताना तोंड एकाएकी एका बाजूला वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात उचलता येईना, तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

नट्टूकाकांसाठी डोळ्यांत पाणी

३ ऑक्टोबर २०२१ रोजी नट्टूकाकांची भूमिका करणारे घनश्याम नायक कर्करोगाने गेले. त्याआधी ९ जुलै २०१८ रोजी डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद यांचे निधन झाले होते. प्रेक्षकांना दोन्ही वेळा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. कधी न भेटलेल्या नटासाठी वृद्ध माणसाने डोळे पुसावेत, याचे घरच्यांना नवल वाटते. पण सत्तरीतील माणूस नट्टूकाकांसाठी रडतो, तेव्हा त्याच्या मनात स्वतःचे गेलेले सोबती असतात आणि आपला क्रमांक कधी, हा प्रश्नही असतो. तेव्हा संच बंद करून त्याला थोडे बोलू द्यावे. ‘तुम्हाला कोणाची आठवण झाली?’ एवढा प्रश्न पुरेसा आहे. हे दुःख काही दिवसांत ओसरते. ओसरले नाही, तर वर सांगितलेली नैराश्याची लक्षणे पाहावीत.

घरच्यांनी काय करावे?

१. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण भाग शेजारी बसून पाहा. त्या वेळी मोबाइल दूर ठेवा.

२. जाहिरात लागली की उठायचे, असा नियम करा. दोन फेऱ्या मारा. चालता येत नसेल, तर बसल्या बसल्या पावले वर-खाली हलवा. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवल्याने सूज येते.

३. रक्तदाब मोजायचा असल्यास मालिकेपूर्वी, पाच मिनिटे शांत बसून, न बोलता मोजा. रागावलेल्या किंवा खळखळून हसलेल्या क्षणीचा आकडा खरा मानू नका.

४. रात्रीच्या गोळ्या मालिकेच्या वेळेशी जोडल्यास लक्षात राहतात. पण सुट्टीच्या दिवशी भाग नसतो, हे ध्यानात ठेवा. गोळ्यांची डबी संचाजवळ ठेवा.

५. जुने भाग पुन्हा पाहण्यास हरकत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने मनाला धीर वाटतो. मात्र दिवसभर तेच सुरू असू नये; अंगणातले ऊन आणि पारावरच्या गप्पाही हव्यात.

६. हसणे, ऐकणे, आठवणे किंवा रागावणे यांत काही बदल दिसला, तर तो कधीपासून आहे हे तारखेसह वहीत लिहा आणि ती वही तपासणीला येताना सोबत आणा. ‘हल्ली बरे नसते’ या वाक्यापेक्षा त्या चार ओळी आम्हा डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगून जातात.

आणि ज्येष्ठ वाचकहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. मालिकेतील संवाद ऐकू आला नाही, तर हसल्याचे सोंग करू नका. ‘काय म्हणाला रे तो?’ असे मोकळेपणाने विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, आणि तुमच्या कानांवरचा उपचार बहुधा याच प्रश्नापासून सुरू होईल.