पिकअप टॉर्कचा की एचपीचा?

कापसाच्या हंगामात गच्च भरलेली ट्रॉली ओढत देवळीच्या जिनिंगकडे निघालेला ट्रॅक्टर पाहिला की वाटतं, याचे एचपी कारच्या दुप्पट तरी असणार. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. आपल्या भागातल्या कास्तकारांकडे सर्रास दिसतो तो ट्रॅक्टर ४५ एचपीच्या आसपासचा. २०१८ च्या पेट्रोल स्विफ्टचे एचपी मात्र ८३.

मग ट्रॉली कारला का ओढवत नाही? कारण गिअर. ट्रॅक्टरच्या सर्वांत लहान गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे दीडशे फेरे झाले की मागचं मोठं चाक एकदा फिरतं. वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी होतो, पण चाकावरचा जोर त्याच पटीत वाढतो. गिअर शक्ती निर्माण करत नाही. वेग सोडून जोर घेतो, किंवा जोर सोडून वेग.

‘टॉर्कमुळे पिकअप मिळतो, एचपीमुळे टॉप स्पीड’ हे वाक्य गॅरेजपासून शोरूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तेच घालतं. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. गंजलेल्या नटावर पाना लावून कितीही जोर केला तरी नट हलेपर्यंत काम शून्यच. जोरासोबत फिरण्याची गती आली की शक्ती होते. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की एक एचपी. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार करून ७०२४ ने भागा, त्या क्षणाचे एचपी मिळतात. एखाद्या ठरावीक वेगाला गाडी किती जोरात पुढे जाईल, हे त्या क्षणी चाकांपर्यंत पोचणारे एचपी आणि गाडीचं वजन ठरवतात.

मग डिझेल गाडी जास्त ‘ओढते’ हा अनुभव खोटा का? मुळीच नाही. त्याच स्विफ्टच्या डिझेल इंजिनाचे एचपी ७५, म्हणजे पेट्रोलपेक्षा कमीच. पण टॉर्क १९०, तोही २००० आरपीएमलाच. हिशेब केला तर तिथे ५४ एचपी हाती येतात. पेट्रोलचा सगळाच्या सगळा ११३ टॉर्क २००० ला मिळाला असता, तरी ३२ एचपीच झाले असते. गिअर न बदलता डिझेल पुढे जाते ती यामुळे. पेट्रोलचे ८३ एचपी ६००० आरपीएमजवळ असतात. तिथवर इंजिन नेलं नाही तर ते फक्त माहितीपत्रकात राहतात.

पुलगावच्या रस्त्यावर ट्रॉलीला ओव्हरटेक करताना याला खरं महत्त्व येतं. साठच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये पेट्रोल इंजिन दीड-दोन हजारांवर असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी उठत नाही, आणि समोरून एसटी येत असते. तिसरा टाकला की आरपीएम तीन हजारांजवळ जातात आणि हाताशी असलेले एचपी जवळपास पावणेदोनपट होतात. ‘खालचा गिअर टाकला की इंजिनावर ताण येतो’ म्हणून अनेक जण हे टाळतात. मीटरवरची लाल रेष ओलांडली नाही, तर असा ताण येत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबून धरणं इंजिनाला जास्त जड जातं.

पाचऐवजी सहा गिअर असले म्हणून शक्ती वाढत नाही. टप्पे जवळजवळ येतात आणि इंजिन त्याच्या चांगल्या आरपीएमजवळ ठेवणं सोपं होतं, एवढंच.

आकडा छापलेला आहे म्हणजे तो बाराही महिने मिळतो, हासुद्धा गैरसमजच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही त्यामुळे घटते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, आणि लग्नाला निघालेली पाच माणसं सामानासह बसली की वजन साडेतीनशे-चारशे किलोंनी वाढतं. जानेवारीत एकट्याने जेवढ्या अंतरात ओव्हरटेक झाला होता, तेवढं अंतर अशा दुपारी पुरत नाही.