कुत्र्याला नाव, बाईला नुसता हात

बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयाच्या संग्रहात एका कुत्र्याचं स्मारक आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा हा दगड. त्यावर एक शिकारी कुत्रा आणि एक रानडुक्कर एकमेकांना भिडलेले आहेत, आणि बाकीची जागा जुन्या कन्नडमधल्या मजकुराने भरली आहे. इ. स. ९४९ मध्ये तक्कोलमला राष्ट्रकूट आणि चोळ यांची लढाई झाली. राष्ट्रकूटांच्या बाजूनं लढणाऱ्या गंग राजा बूतुगानं तिथे चोळांच्या राजादित्याला मारलं. बूतुगाचा मणलेर नावाचा सरदार त्या लढाईत असा काही लढला, की राजा त्याला म्हणाला, हवं ते माग. मणलेरानं राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला! पुढे हा काळी एका दांडग्या डुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. मग देवळासमोर दगड उभा राहिला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली, आणि जो पुजारी या दगडाची पूजा न करता जेवेल त्याला कुत्र्याचं पाप लागेल अशी तंबीही कोरली गेली.

हजार वर्षं उलटली, तरी त्या कुत्र्याला आपण नावानं ओळखतो.

आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावच्या वेशीवर किंवा महादेवाच्या देवळामागे जा. तिथे पडलेल्या दगडांत एक दगड बहुधा असा असतो, की त्यावर खांबातून फुटल्यासारखा एक हात कोरलेला असतो. कोपरात काटकोनात वळलेला, तळवा समोर उघडा, मनगटापासून वर बांगड्या. ही सतीशिळा. ती कोण होती, किती वर्षांची होती, स्वतः गेली की नेली गेली, यातलं काहीही बहुतेक दगडांवर नाही. अख्ख्या बाईतून हात तेवढा उरला.

संग्रहालयांनी अशा दगडांचं करायचं काय, हा माझ्या डोक्यात बसलेला प्रश्न आहे. जुने दगड माझ्या आसपासच आहेत. मी राहतो बंगळूरच्या बेळ्ळंदूरला. आमच्या सोसायटीत पुण्या-कोल्हापूरची मंडळी भरपूर, आणि ‘इथे जुनं काहीच नाही, सगळं आयटीनंतरचं’ हे वाक्य लिफ्टमध्ये ठरलेलं. पण इब्बलूर जंक्शनपासून हाकेच्या अंतरावरच्या आगऱ्याला नवव्या शतकातला लेख सापडला आहे, आणि तो तलावांना तूम, म्हणजे पाणी सोडायची दारं, बसवल्याची नोंद करतो. ज्या तलावांच्या फेसाची चित्रं जगभर गेली, त्या तलावांच्या शेजारी ही नोंद आहे. आणखी थोडं दक्षिणेला, ट्रॅफिकनं परवानगी दिली तर, बेगूर. तिथल्या नागेश्वराच्या आवारात इ. स. ९००च्या आसपासची एक वीरगळ आहे. ‘बेंगळूरु’च्या लढाईत बुट्टणशेट्टी मेला, असं ती सांगते. शहराच्या नावाचा इतका जुना पुरावा एका मेलेल्या माणसाच्या दगडावर आहे.

वीरगळ वाचायची ती चित्रकथेसारखी, फक्त खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवणारे चोर. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला हाताला धरून वर नेताहेत. सर्वांत वर तो महादेवाच्या पिंडीसमोर बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती. ही मांडणी कर्नाटकातही तीच आणि आपल्याकडेही तीच. बोरिवलीच्या एक्सरला तर खालच्या चौकटींत समुद्रावरची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट.

पण बंगळूरच्या संग्रहालयातली बेगूरची मोठी वीरगळ पाहिली की दुसरीच गोष्ट ध्यानात येते. त्यात घोडे, हत्ती, भाते, पडलेली धडं यांची अशी दाटी आहे, की डोळा आधी त्यातच हरवतो. मजकूर मात्र कोरडा आहे. राजा एरेयप्पाच्या हुकमावरून नागत्तर बीरमहेंद्राच्या फौजेशी लढायला गेला आणि हत्तींशी झुंजत पडला. त्याची पदवी आणि बेंपूरची, म्हणजे आजच्या बेगूरची, बारा गावं इरुग नावाच्या माणसाला मिळाली. गावांची नावंही दिली आहेत. म्हणजे हा दगड शौर्याचा आहे तसा सात-बाराचाही आहे. कुणीतरी मेला, त्याची स्तुती झाली, आणि त्या स्तुतीच्या पोटात कुणाच्या तरी नावावर जमीन चढली. स्मारक उभारणाऱ्याला मागे उरलेल्यांशी काही बोलायचं असतं. मेलेल्याचं नाव त्यासाठी वापरलं जातं.

हीच नजर घेऊन सतीच्या हाताकडे वळा. बांगड्या बघा. पाथरवटानं चेहरा कोरायचे कष्ट घेतलेले नसतात, पण बांगडीची कड न् कड काढलेली असते. नवरा मेला की बांगड्या फुटतात, आणि या हातातल्या शाबूत आहेत. म्हणजे ही बाई क्षणभरही विधवा झाली नाही, हे दगडाला सांगायचं आहे. काही दगडांवर त्याच हातात लिंबूही असतं. बारकाईनं पाहिलं तर ही जाहिरात आहे, आणि ती वाचायची होती गावातल्या पुढच्या सुनेनं.

म्हणून हे दगड त्रासदायक. कायद्यालाही त्यांनी पेचात टाकलं आहे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातल्या देवराळ्यात अठरा वर्षांची रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. त्यानंतर तिथे हजारोंनी गर्दी जमली, चुनरीचा सोहळा झाला, आणि त्या गदारोळातून केंद्राचा सती प्रतिबंधक कायदा आला. या कायद्यानं सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवलं, शिक्षा एक ते सात वर्षं. सतीचा मान राहावा किंवा आठवण जपावी म्हणून देऊळ वा बांधकाम उभारणं, तिथे पूजा चालवणं, त्यासाठी पैसे गोळा करणं, हे सगळं त्यात आलं. दुसरीकडे १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या कोरीव दगडाला देशाचा ठेवा मानतो आणि तो देशाबाहेर नेऊ देत नाही. एकच दगड. हळदकुंकू वाहून नारळ फोडला तर एक कायदा डोळे वटारतो, आणि परदेशी व्यापाऱ्याला विकला तर दुसरा.

संग्रहालय या दोन्हींच्या मधोमध उभं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या कायद्याचा सगळा भार हेतूवर आहे: मान वाढवण्यासाठी की नाही? दगड स्वतः हेतू सांगत नाही, आणि सांगतो तो आठशे वर्षांपूर्वीचा, नेमका नको असलेला. संग्रहालयाचा हेतू कळायला एकच जागा आहे, शेजारची पाटी.

आणि पाटीवर काय असतं? ‘सतीशिळा, बारावे शतक, बेसॉल्ट.’ बस्स. आपल्याकडच्या जिल्हा संग्रहालयांच्या आवारात, झाडाखाली, पारावर मांडलेल्या दगडांची ही नेहमीची ओळख. बेसॉल्ट आहे हे कळलं, पण बाई जळाली हे कळलं नाही. पाटीनं अशी दातखीळ बसवून घेतली की दगड आपली जुनी जाहिरात बिनबोभाट चालू ठेवतो. लोकही कधीकधी तिथेच फूल ठेवून जातात, आणि त्यांचा मला राग येत नाही. त्यांना त्या दगडाशी कसं वागायचं याची दुसरी काही रीत कुणी दाखवलेलीच नाही.

जोधपूरच्या मेहरानगढावर हे फार ठळक दिसतं. तिथल्या लोहापोळ दरवाजाशी भिंतीवर राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. महाराजा मानसिंग १८४३ मध्ये वारला, त्या वेळी सती गेलेल्यांचे हे ठसे म्हणून ओळखले जातात. गव्हर्नर जनरल बेंटिंकनं सतीबंदी १८२९ मध्ये आणली होती, पण ती कंपनीच्या मुलखापुरती. संस्थानांत चितेला मुभा राहिली. आज किल्ला संग्रहालय आहे, तिकीट काढून लोक आत येतात, आणि ठसे शेंदूर नि वर्खानं माखलेले असतात. तिकीट खिडकी आणि पूजा एकाच भिंतीला लागून.

बाहेरच्या जगात या वादाचा चेहरा वेगळा आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयानं २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेतली आक्रसवलेली मुंडकी आणि इतर मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. तिथला प्रश्न असा, की दुसऱ्यांच्या पूर्वजांना आपण कपाटात का ठेवलं? अशा बातम्या वाचताना आपल्याला बरं वाटतं, कारण दोषी साहेब असतो. सतीशिळेत साहेब नाही. लुटलेलं काही नाही, परत द्यायचं कुणाला? दगड आपला, पाथरवट आपला, चिता आपल्याच गावची. म्हणून पिट रिव्हर्सचा उपाय, काढून घेणं, इथे लागू पडत नाही. गोदामात ठेवलेली सतीशिळा कुणाचं भलं करत नाही, उलट जे घडलं त्याचा पुरावा तेवढा झाकते.

आपलं मन या बाबतीत किती गुंतलेलं आहे हे पाहायला थेऊरला जावं. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथे वारले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’नं त्या दोघांना घराघरांत नेलं, आणि माझ्यासकट कित्येकांनी तो शेवट गळ्यात आवंढा घेऊन वाचला आहे. तो आवंढा खोटा नव्हता. संग्रहालयाला पाटी लिहायची आहे ती अशा वाचकासाठी, ज्याच्या मनात हळहळ आधीच आहे आणि तिच्याखाली प्रश्न दबलेला आहे. त्याला ओरडून सांगून उपयोग नाही.

याहून अवघड दगडही आहे, गधेगाळ. शिलाहारांच्या काळात कोकणात जमिनीचं दान दिलं की ते मोडणाऱ्याला शाप म्हणून हा दगड रोवत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खालच्या चौकटीत गाढव आणि बाई. दान मोडशील तर तुझ्या आईची ही गत होईल, एवढा उघड अर्थ. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जातो, आणि हा शाप त्यातही आहे. परळला सापडलेल्या अपरादित्याच्या बाराव्या शतकातल्या लेखातही आहे. तो दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपण मराठीच्या प्राचीनतेचे दाखले अभिमानानं देतो तेव्हा हा भाग गिळून टाकतो. गुन्हा करणार पुरुष, जमीन लाटणार पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईला. रस्त्यावरच्या शिव्या ऐका, हिशेब अजून बदललेला नाही.

शाळेची सहल आली की या दगडापाशी बाई मुलांना पुढे हाकतात, हे ओघानंच आलं. पण सातवीच्या मुलांना ‘या दगडावर राजानं एक घाणेरडी धमकी कोरली आहे, आणि ती ज्याला दिली त्याच्याऐवजी त्याच्या आईवर रोखली आहे’ हे सांगता येतं. ती हे समजण्याइतकी मोठी असतात. न सांगितलं तर कोपऱ्यात जाऊन खिदळतात, एवढाच फरक.

चांगली पाटी कशी असावी याचा नमुना मला एका जुन्या लेखातच मिळाला. मैसूरच्या बाजूला हेग्गडदेवनकोटे तालुक्यात बेलतूर नावाचं गाव आहे. तिथला १०५७चा लेख देकब्बे नावाच्या बाईचा. तिच्या नवऱ्याला तलकाडला देहदंड झाला, ती बातमी आली आणि तिनं आगीत जायचं ठरवलं. स्तुतिपर लेख, काव्यमय लेख, सतीचं गुणगान करणारा लेख. पण त्यात कवीनं लिहून ठेवलं आहे, की आईवडील आणि नातलग तिला जाऊ नको म्हणत होते. एवढी कबुली पुरे आहे. ‘त्या काळी सगळ्यांना हे मान्यच होतं’ हे आपलं आवडतं वाक्य तिथल्या तिथे पडतं. पाटीवर हेच लिहावं: हिचं नाव देकब्बे, नवरा राजाच्या हुकमानं मारला गेला, आईवडिलांनी हिला अडवलं, आणि तरी लेख हिच्या जाण्याला मोठेपणा म्हणतो. अठरा शब्दांचं एक वाक्य. वाचणाऱ्याच्या मनात पुढचं आपोआप सुरू होतं.

जिथे नाव नाही तिथे ‘नाव कोरलेलं नाही’ असंच लिहावं. मोकळी जागा सोडण्यापेक्षा ते बरं.

आणि दगड गावातून उचलून शहरात आणायची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही. बंगळूरच्या मिथिक सोसायटीनं शहर परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग सुरू केलं आहे. झिजलेली अक्षरं पडद्यावर उजेडाची दिशा बदलून वाचता येतात, दगड जागच्या जागी राहतो आणि त्याची तंतोतंत प्रत संग्रहालयात लागू शकते. हेब्बाळला कित्तय्याची आठव्या शतकातली वीरगळ आज वस्तीतच मंडपाखाली उभी आहे. गावातल्या दगडाशेजारी पाटी लावणं मात्र संग्रहालयातल्यापेक्षा अवघड जाईल, कारण तिथे कुंकू लावणारे हात रोजचे आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय खिळा ठोकता येणार नाही. विचारावं लागेल, वाद होतील, एखादी पाटी रातोरात गायबही होईल.

नावांचं काम तर निम्मं झालेलंच आहे. बंगळूरमध्येच जन्मलेल्या बेंजामिन लुइस राइसनं मैसूर संस्थानातले हजारो लेख गावोगाव फिरून उतरवले, आणि ते ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांत १८८६पासून छापले गेले. ज्या सतींची नावं कोरली गेली, त्यांतल्या पुष्कळजणी त्या पानांत आहेत, तालुका आणि क्रमांकासकट. पाटी लिहिणाऱ्यानं तो खंड कपाटातून काढायचा आहे.