घराण्यातील हृदयविकार : वारसा किती, आपल्या हाती किती?

"आमच्या घराण्यातच हृदयविकार आहे, जे व्हायचे ते होणारच," हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल, कदाचित स्वतः उच्चारलेही असेल. मनाने असे एकदा घेतले की पथ्य सैल होते, औषधांचा कंटाळा येऊ लागतो. या हताशपणाला विज्ञानाचा आधार कितपत आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अक्षरे आणि खुणा

जनुके म्हणजे आई-वडिलांकडून आलेली पोथी, असे समजा. तिच्यातील अक्षरे जन्मभर जवळपास तीच राहतात. मात्र कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, याची व्यवस्था प्रत्येक पेशीत असते. डीएनएवर जोडले जाणारे मिथाइल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट हा त्या व्यवस्थेचा एक भाग. या खुणांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे एपिजेनेटिक्स. वय, आहार आणि धूम्रपान यांचे ठसे या खुणांवर उमटतात.

1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांची सुमारे साठ वर्षांनी तपासणी केली असता, वाढीशी संबंधित अशा आयजीएफ-2 या जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. गर्भावस्थेच्या आरंभीच उपासमार सोसलेल्यांत पुढे हृदयविकाराचे प्रमाणही अधिक दिसले.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून बरेच कमी होते. परंतु स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे, आणि त्यामागून येणाऱ्या हृदयविकाराचे, बीज अशा शरीररचनेत असू शकते. म्हणूनच घरातील गर्भवती सुनेचा वा लेकीचा आहार हा नातवंडांच्या हृदयाचाही प्रश्न आहे.

एवढ्या गोळ्या कशासाठी?

ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी 1960 मध्ये हृदयपेशीच्या ठोक्याचे गणित संगणकावर मांडले. पेशीतील अनेक घटक परस्परांवर परिणाम करतात आणि त्यातून ताल उत्पन्न होतो. कोणतेही एक जनुक तो ठरवत नाही. अवयवांकडे असे साखळीने पाहणाऱ्या शास्त्रास प्रणाली-जीवशास्त्र म्हणतात.

हृदयविकारही असाच अनेक धाग्यांनी विणला जातो. यकृतातील कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाशी जोडलेला रक्तदाब, रक्तातील साखर, रक्तवाहिन्यांचा दाह हे सारे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे स्टॅटिन यकृतावर, रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्यांवर किंवा मूत्रपिंडावर, तर अ‍ॅस्पिरिन रक्तातील बिंबिकांवर काम करते. "एक बंद केली तर काय बिघडते?" असे वाटले, तरी तो निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आपल्या हाती काय?

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचावन्न हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. धूम्रपान न करणे, लठ्ठपणा टाळणे, नियमित व्यायाम आणि संतुलित आहार या चारांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत, आनुवंशिक धोका सर्वाधिक असूनही, हृदयविकाराचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले. तंबाखूच्या धुराने एएचआरआर या जनुकावरील बदललेल्या खुणाही धूम्रपान सोडल्यानंतर वर्षागणिक बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. उतारवयातही सिगारेट किंवा विडी सोडणे हिताचेच ठरते.

मात्र "जनुके बदलणारे" म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांना आणि टॉनिकांना भुलू नये. उपचार आजही रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यांच्या आधारेच ठरतात.

घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एक काम अवश्य करावे. कुटुंबात कोणाला, कितव्या वर्षी हृदयविकार झाला, हे एका कागदावर लिहून ठेवावे. वडील किंवा भाऊ यांना 55 पूर्वी, आई किंवा बहीण यांना 65 पूर्वी तो झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घराण्याचा इतिहास लपवण्यासाठी नव्हे, तर पुढच्या पिढीची तपासणी वेळेवर व्हावी यासाठी उपयोगी पडतो.