अंधारलेला पडदा आणि चौकोनांच्या गझला

संगणकाचा पडदा अंधारला की आपल्याला वाटते, सगळे गेले. २००६ साली तासगावच्या घरी माझेही तसेच झाले. जुना संगणक, त्यावर लिनक्स. दुसरा मॉनिटर जोडला आणि तीनच शब्द आले, 'आउट ऑफ रेंज'. आत दोन वर्षांच्या गझला होत्या. वहीत एकही उतरवलेली नव्हती.

भाचा म्हणाला, "मामू, घाबरू नका. मशीन चालू आहे, फक्त दाखवत नाही." त्याने कंट्रोल, आल्ट आणि एफ-२ एकदम दाबले. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उमटली.

लिनक्समध्ये एका पडद्यामागे असे अनेक पडदे असतात. त्यांना कन्सोल म्हणतात. खिडक्यांच्या पडद्याने मॉनिटरला न झेपणारे माप मागितले होते. अक्षरांचा कन्सोल मात्र ८० रकाने आणि २५ ओळींत भागवतो. ते कोणत्याही मॉनिटरला जमते.

भाच्याला मोठी पाटी हवी होती. त्यासाठी फ्रेमबफर. म्हणजे मेमरीचा असा तुकडा, की ज्यात पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिलेला असतो. १०२४ गुणिले ७६८ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट. बरोबर दीड मेगाबाइट. मग अक्षरसुद्धा चित्रासारखे काढले जाते आणि १२८ रकाने, ४८ ओळी मावतात. सुरुवातीच्या मेनूत कर्नेलच्या ओळीशेवटी 'व्हीजीए', बरोबरचे चिन्ह आणि ७९१ लिहायचे. ८०० बाय ६०० हवे तर ७८८. मेनूत केलेला बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. म्हणून आधी तिथे करून पाहावे, जमले तरच फाइलमध्ये कायमचे लिहावे. उलट करणारे पस्तावतात.

तेव्हा पडदा बदलताना मॉनिटर क्षणभर मिटायचा, कारण खिडक्यांचा प्रोग्राम आणि कर्नेल दोघेही आपापले माप लावत. २००९ पासून हे काम हळूहळू कर्नेलने स्वतःकडे घेतले. आता तो मॉनिटरलाच त्याची मापे विचारतो. हट्टाने वेगळे हवे असेल तर 'व्हिडिओ', बरोबरचे चिन्ह आणि माप लिहायचे.

पडदा चित्राचा झाला, तेव्हा माझी आशा वाढली. आता मराठी दिसेल! पण फाइलींची नावे चौकोनच राहिली. कन्सोल एका घरात एक ठसा ठेवतो, आणि त्याच्याकडे ठसे जास्तीत जास्त ५१२. आपली जोडाक्षरे अशी घरे मानत नाहीत. 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते 'क'च्या नंतर, दिसते आधी. हे उलटेपालटे कन्सोलला उमगत नाही. वास्तविक पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसच्या काळातच साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी दाखवत असे. पण त्यासाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे.

शेवटी नावे न वाचताच सगळे चौकोन पेन ड्राइव्हवर घेतले. कोणती गझल कुठली, हे मी तारखांवरून ओळखत होतो. भाच्याने दुसऱ्या संगणकावर पहिली फाइल उघडली. मतला जागेवर होता.