लूपबाहेर हलवलेलं काम

कंपायलर फक्त भाषांतर करत नाही. आपला कोड तो हलवतो, मोडतो, नव्याने रचतो. समजा, लूपमध्ये दहा लाख आकड्यांना 'अ भागिले ब' या किमतीने गुणायचं आहे. अ आणि ब बदलतच नाहीत, मग तो भागाकार दहा लाख वेळा कशाला? कंपायलर तो उचलून लूपच्या आधी नेतो. मात्र जपून. दोन्ही पूर्णांक असतील, ब शून्य असेल आणि लूप एकदाही चालणार नसेल, तर मूळ प्रोग्रॅम सुरळीत संपला असता, बदललेला मात्र कोसळू शकतो.

उरलेले गुणाकार व्हेक्टर सूचनांकडे, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांकडे जातात. १९९९ च्या पेंटियम थ्री प्रोसेसरमधली एसएसई रजिस्टरं १२८ बिटांची, म्हणजे ३२ बिटांचे ४ दशांश आकडे एका सूचनेत. २०११ च्या एव्हीएक्स सूचनांमध्ये ८. पण सी भाषेत दोन पॉइंटर मेमरीतली एकच जागा दाखवत असू शकतात आणि तसं असेल तर अनेक आकडे एकत्र हाताळल्याने उत्तर चुकू शकतं. म्हणून कंपायलर बरेचदा लूपच्या दोन आवृत्त्या करून ठेवतो आणि प्रोग्रॅम चालताना पत्ते तपासून एक निवडली जाते.

बेरजेचं प्रकरण मला सर्वांत सुंदर वाटतं. दशांश आकड्यांच्या बेरजेत संगणक प्रत्येक पायरीवर उत्तर मांडता येणाऱ्या जवळच्या किमतीला आणतो, त्यामुळे क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. चार वेगळ्या बेरजा करून शेवटी जोडणं वेगवान खरं, पण जीसीसी कंपायलर हा क्रम आपणहून बदलत नाही. 'फास्ट-मॅथ' हा पर्याय देऊन प्रोग्रॅमरने परवानगी द्यावी लागते. त्याच पर्यायाने कंपायलर अनंत किंवा अवैध किमती येणारच नाहीत असंही गृहीत धरतो. हा पर्याय लावण्याआधी त्याची माहिती नीट वाचावी.