माझिंगरचे गुडघे
जुन्या धाटणीचा खेळण्यातला रोबो हाती आला की हौशी संग्राहक आधी सांधे मोजतात. मान फिरते का, कोपर किती वळते, गुडघा टेकवून बसवता येतो का? सांधे जास्त तितके खेळणे सरस, असा हा हिशेब. या जातीच्या रोबोंना तो लागू पडत नाही. मूळ पात्राच्या हालचालीच मोजक्या. खेळण्याला तेवढ्याच नीट जमल्या पाहिजेत. जपानचा माझिंगर झेड घ्या. गो नागाईंच्या या महाकाय रोबोची मालिका डिसेंबर 1972 मध्ये सुरू झाली. 1974 मध्ये पॉपी कंपनीने त्याचे जस्ताच्या मिश्रधातूचे, मुठीत मावणारे ‘चोगोकिन’ खेळणे काढले. पाय जवळपास ठोकळेच. पण स्प्रिंगच्या जोरावर मूठ सुटायची. पडद्यावर माझिंगर शत्रूवर हातच सोडतो, आणि पोरांना हवे होते ते हेच.

बांदाई कंपनीने 1997 पासून ‘सोल ऑफ चोगोकिन’ मालिकेत हाच माझिंगर मोठ्यांसाठी नव्याने काढला, कोपर-गुडघ्यांना वळण देऊन. इथे वजन आडवे येते. जस्ताची मिश्रधातू एबीएस प्लास्टिकच्या सुमारे सहापट जड. समोर रोखलेला हात खांद्याला सतत खाली ओढतो आणि नुसत्या घर्षणावर धरलेला सांधा कालांतराने ढिला पडतो. त्यावर उपाय दातेरी सांध्याचा. तो टकटक करत ठरावीक टप्प्यांवर अडतो, भार पेलतो, पण दोन टप्प्यांमधली पोझ देत नाही. शिवाय गुडघा पुरता दुमडायचा तर मागे खाच हवी, आणि नळकांड्यासारखा सलग पाय तिथे चिरल्यासारखा दिसतो. घोट्याबाबत मात्र तडजोड नको. पाय फाकवल्यावर तळवे सपाट टेकले नाहीत, तर एवढे धूड कडेवर तोलत उभे राहते.

यावर कुणी म्हणेल, त्या काळातही लवचिक खेळणी होतीच की! होती. ताकारा कंपनीचा मायक्रोमॅनही 1974 चाच, जेमतेम 10 सेंटिमीटरचा आणि अंगभर सांध्यांचा. पण तो माणसाच्या घडणीचा. वाहनात बसणे, हत्यार धरणे हे त्याचे काम. माझिंगर कशात बसत नाही. उलट त्याच्याच डोक्यात होव्हर पाइल्डर हे छोटे यान येऊन बसते.

म्हणून सुट्या भागांतही आधी पाहावा तो पाइल्डर. तो खाचेत घट्ट बसला पाहिजे आणि नखाने निघालाही पाहिजे. जादा मुठींचे ढीग मला भरताड वाटतात. न उडणारी मूठ सुरक्षित, हा युक्तिवाद लहान मुलांपुरता रास्त आहे. 1978 मध्ये अमेरिकेत खेळण्यातले क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले होते. मोठ्यांसाठीच्या प्रतिकृतीला ती सबब चालत नाही. खरी परीक्षा जेट स्क्रँडर या लाल पंखांची. ते पाठीला लावले की तोल मागे जातो, आणि कंबर, घोटे किती पक्के ते लगेच कळते. पंखांसकट, हात रोखून तो आधाराशिवाय उभा राहत असेल, तर गुडघा अर्धाच वळतो म्हणून मी त्याचे गुण कापणार नाही.