गाळा घेताय? आधी पायवाट बघा!

"सर, रोड टच गाळा मिळतोय, वर्दळ भरपूर आहे. टोकन देऊन टाकू का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर देण्याआधी तुम्हाला जरा केनियातल्या माकडांकडे नेतो.

तिथल्या म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बबून माकडांच्या एका टोळीतल्या बहुतेक मोठ्या माकडांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले. दर सेकंदाला प्रत्येकाची जागा नोंदली जायची. नंतर ड्रोनने फोटो काढून त्या जमिनीचा थ्रीडी नकाशा बनवला. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले.

माकड पुढचं पाऊल कुठे टाकणार? सगळ्यात जास्त फरक एका गोष्टीने पडत होता: टोळीतलं कुणी आत्ताच तिथून गेलंय का. त्यानंतर जमीन. समोर दाट झुडूप आलं की टाळायचं, रस्ता मिळाला की धरायचा. झोपायच्या जागेचा परिणाम तर लांबूनही व्हायचा. जमीन बदलली की टोळीचा आकारसुद्धा बदलायचा.

माणूस म्हणजे माकड नव्हे, मान्य! पण यातून जागा बघायला तीन प्रश्न मिळतात.

१. तुमच्या दारात 'झुडूप' कोणतं? मधला दुभाजक, उघडं गटार, उंच पायऱ्या, आडव्या लावलेल्या बाइक. गर्दी दहा फुटांवर असते, पण आत येत नाही.

२. घरची ओढ कुठल्या बाजूला? सकाळी स्टेशनकडे पळणारा माणूस भाजी घेत नाही, संध्याकाळी परतताना घेतो. किराणा-भाजीचं दुकान असेल तर परतीची बाजू बघा. चहा-नाश्ता असेल तर जायची.

३. वाट मळलेली आहे का? आजूबाजूच्या दुकानांत लोक शिरतायत, की नुसते पुढे जातायत? शिरत असतील तर तुमच्याकडे वळणंही सोपं.

आता काम. एक साधा दिवस, एक रविवार आणि एक बाजाराचा दिवस निवडा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास समोर उभे राहा. वहीत तीन रकाने करा: गेले किती, थांबले किती, आत शिरले किती. पहिला आकडा मालक तुम्हाला सांगेलच. तुमचं भाडं मात्र तिसऱ्या आकड्यातून निघणार आहे.

एकदा डिपॉझिट अडकलं की दुभाजक हलवता येत नाही. पायरी कमी करता येते, बाइक हटवता येतात. म्हणून जे बदलता येणार नाही ते आधी तपासा, टोकन नंतर द्या.